संदर्भस्वामी आणि नवनगरचं बंदर

कोप्पीकर रोडवरच्या एका झेरॉक्सच्या दुकानामागे दर गुरुवारी मुंगीला शिरायला जागा नसे. तिथे म्हणे साक्षात ज्ञान प्रकटायचं! विद्यार्थ्यानं नारळ ठेवून विषय सांगायचा. भगव्या फेट्यातले संदर्भस्वामी डोळे मिटून लेखक, पुस्तक, साल, पान धडाधड सांगायचे.

"बोल बाळ! ग्रंथ पाताळात असला तरी पानासकट वर ओढतो!"

अळणावरजवळच्या खेड्यातली ज्योती घरातून विद्यापीठात गेलेली पहिलीच. गावच्या तळ्यांवरचा निबंध सोमवारी द्यायचा होता. खोटे संदर्भ निघाले तर शून्य, अख्खं सत्र बुडणार. स्वामींनी तिला सात पुस्तकं दिली. पोर हरखून गेली.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात ग्रंथपाल अनसूयाक्कांनी ती यादी तासभर शोधली.

"ज्योती, यातलं एकही पुस्तक कुठंच नाही गं."

"स्वामी खोटं कसं सांगतील, अक्का?" तिला रडूच कोसळलं.

"रडतेस काय? चल, त्यांनाच विचारू."

अक्कांनी नारळ ठेवला. "स्वामी, माझा विषय, आपल्या शहरातल्या नवनगरच्या समुद्रबंदराचा इतिहास."

स्वामी डुलले. कानात येईल ते बोलायची सवय, विचार कोण करतो? "सापडलं! 'नवनगर बंदर आणि त्याचा व्यापार', पान दोनशे बारा!"

"अय्यो!" ज्योती ओरडली. "नवनगराला समुद्र कधी लागला हो, स्वामी?"

गर्दी खो खो हसली. स्वामी पळायला उठले, तोच फेटा सुटला आणि कानातलं यंत्र टपकन खाली पडलं. कुणीतरी मागचा पडदा ओढला, तर आड स्वामींचा मेहुणा नागोजी! ऐकलेला विषय मोबाइलवरच्या बोलत्या यंत्राला घालायचा आणि उत्तर स्वामींच्या कानात वाचून दाखवायचा.

"मोबाइलवरच्या त्या यंत्राला पुष्कळदा 'माहीत नाही' म्हणता येत नाही," अक्का म्हणाल्या. "मग ते शोभेलसं नाव रचून देतं. विचारा खुशाल, पण पुस्तक हातात घेऊन पान बघितल्याशिवाय लिहू नका."

ज्योतीनं सातही नावं खोडली. ग्रंथालयातली दोन पुस्तकं वाचली, पंचायतीचं दप्तर चाळलं, तळ्याचा गाळ काढलेल्या भीमरावअप्पांचं म्हणणं नाव-तारखेसह उतरवून घेतलं.

सोमवारी सर म्हणाले, "चारच संदर्भ?"

"चारच, सर. कुठलाही विचारा, कुठं आहे ते दाखवते."

बाबांनो, स्वामी असो की मोबाइल, छातीठोकपणे सांगणाऱ्याला घाबरू नका. त्याला एवढंच म्हणा, दाखव.