उतारावर सुटलेलं हँडल

दुरुस्त केलेल्या मोटरसायकलवरची पहिली फेरी सासूबाईंनाच हवी होती. "माझं शिवणाचं स्टूल इंजिनाखाली घातलंस, व्हरांडाभर तेल सांडलंस, आता पहिला मान माझा," म्हणत त्या हेल्मेट घालून तयारच झाल्या. सुनेला नाही म्हणता येईना.

सून रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. मोटरसायकल तिची स्वतःची, जुनी. सासूबाई त्या गाडीला रणगाडा म्हणत. खड्ड्यात पुढचे शॉकअप खाडकन आपटायचे आणि हँडल वळताना अडायचं. म्हणून तिने व्हिडिओ बघून घरीच काम काढलं होतं. शॉकअपमध्ये कडक स्प्रिंगा घातल्या, नवं तेल भरलं, हँडलखालच्या बेअरिंगच्या झिजलेल्या गोळ्या काढून तिथे रोलरची बेअरिंग बसवली. गल्लीत एकटीने चकरा मारल्या, तेव्हा गाडी अशी अलगद वळली की ती स्वतःवरच खूश झाली.

टेकडी चढेपर्यंत सगळं ठीक होतं. सासूबाई मागून शिवणाच्या क्लासमधल्या बायकांचे किस्से सांगत होत्या. उतार लागला आणि एक खड्डा चुकवता आला नाही.

टक्.

आवाज छोटासाच, पण थेट तळहातात उमटला. तिने पुढचा ब्रेक दाबला, तसं हँडल थरथरायला लागलं. ब्रेक सोडला तरी थरथर थांबेना. हँडल डावीकडे, उजवीकडे, डावीकडे असे हिसके द्यायला लागलं, जणू पलीकडून कुणीतरी ते ओढून घेतंय. एका बाजूला कठड्यापलीकडे दरी, समोर वळण, आणि मागे बसलेल्या बाईचा जीव आपल्या हातात.

"आई, मला घट्ट धरा. अगदी चिकटून बसा."

"का गं?"

"धरा म्हणते ना!"

सासूबाईंवर ती आजवर कधी ओरडली नव्हती. पुढच्याच क्षणी दोन हात तिच्या कमरेभोवती आले. मागचं वजन पुढे सरकलं, पुढच्या चाकावर भार आला आणि हिसके जरासे कमी झाले. जरासेच. हँडल आवळून धरावं असं अंगातला कण न् कण ओरडत होता; पण आवळलं तर गाडी जास्तच नाचत होती. तिने बोटं सैल सोडली. गिअर खाली आणला, इंजिन किंचाळलं. मागचा ब्रेक हळूहळू दाबत नेला.

वळणावरून बस वर आली.

"तर त्या बाईने," सासूबाई तिच्या कानाशी सांगतच होत्या, "बाही उलटी शिवली, आणि म्हणते कशी, हीच नवी फॅशन..."

बसची पत्र्याची भिंत कोपराला घासून गेल्यासारखी वाटली. ती डोळे मिटणार होती, पण मिटले नाहीत. वळण संपलं, कडेची खडी लागली, गाडी घसरत, डुलत संरक्षक भिंतीपाशी थांबली.

इंजिन बंद केलं तरी ब्रेकवरचा पाय उचलेना. सासूबाईंची बोटं तिच्या जॅकेटमध्ये रुतली होती. ती एकेक करून सोडवावी लागली.

"काही नाही हो आई, जरा हँडल..."

"थापा मारू नकोस. पहिल्याच हिसक्याला कळलं मला."

"मग बोलत काय राहिलात?"

"गप्प बसले असते तर तू आणखी घाबरली असतीस." एवढं बोलून त्या खडीतच बसल्या आणि हुंदके देऊन रडायला लागल्या. सून शेजारी बसली.

टेम्पोत घालून गाडी घरी आणली. उघडून बघते तर बेअरिंगची खालची वाटी तळापर्यंत बसलीच नव्हती. फुटेल या भीतीने तिने हातोडी हलकी मारली होती. खड्ड्यात ती वाटी आत सरकली आणि वरचा नट सैल पडला. तिने सगळं पुन्हा बसवलं, या वेळी ठोकून. मग गॅरेजवाल्याकडूनही तपासून घेतलं. तो म्हणाला, आता ठणठणीत आहे.

तरी पुन्हा गाडी घेऊन गेली तेव्हा टेकडीच्या माथ्यावर ती एकटीच बराच वेळ इंजिन चालू ठेवून उभी राहिली. शेवटी पहिल्या गिअरमध्ये उतरली. मागून हॉर्न वाजत राहिले.

"उद्या मी येते मागे," घरी सासूबाई म्हणाल्या.

"नको, आई," ती म्हणाली. "अजून नको."