पदराच्या दशा

पत्रं वाचून प्रतिमाला वाटलं होतं, आपली आत्या माणसांच्या गराड्यात असेल. येलहंका गावातल्या आत्याच्या खोलीत तिला दिसलं एक ताट, एक तांब्या आणि खुंटीवर टांगलेला मी.

मी एक पदर. तिच्या आत्याचं, अनुसूयाबाईंचं, इरकली लुगडं विरलं, तेव्हा त्यांनी मला तेवढं कापून ठेवलं. माझ्या टोकाला दशा आहेत, सुताच्या. दशीदशीला गाठ होती.

बाईंना लिहिता येत नव्हतं. विलायतेतल्या भाचीला पत्र शेजारचे हयवदनराव लिहून देत : ‘सर्व क्षेम. काळजी नसावी.’ परक्याच्या हातून लिहवून घ्यायला नको वाटे, ते बाई मला सांगत आणि गाठ मारत. पाच वर्षांत एकेचाळीस झाल्या. रोज संध्याकाळी त्या एकेक गाठ चाचपत.

१९५८ साली प्रतिमा आली. माणसाच्या स्मरणशक्तीचा अभ्यास करून, इथल्या म्हाताऱ्यांसाठी खूप काही करायचं ठरवून. शुक्रवारी दिल्लीला नोकरीवर हजर व्हायचं होतं.

“स्वल्प थांब, सांगते,” बाई मला खुंटीवरून काढत म्हणाल्या. “गाठी बघितल्याबिगर मला काई आठवत नाही. डोक्याची चाळण झाली.”

“कसली चाळण? काल माझं सगळं लहानपण बिनचूक सांगितलंस. आपण विसरतो असं तूच धरून बसलीयस. ही कुबडी कशाला?”

बाई अंघोळीला गेल्या. तेवढ्यात तिनं एकूणएक गाठ सोडली, मला साबणानं धुतलं, दोरीवर घातलं. मन लावून केलं.

बाईंनी माझ्या सरळ दशांवरून बोटं फिरवली. पुन्हा फिरवली.

“तुला सांगायचं ते यात होतं.”

“मग सांग की, आत्या. मी समोर आहे.”

बाई खूप वेळ आठवत राहिल्या. “सरी, बरं. राहू दे. मला आठवतं म्हणून तूच म्हणालीस ना.”

प्रतिमानं मला दोरीवरून काढून घडी घातली.

मला सगळं ठाऊक होतं. तापात तीन दिवस पाणी द्यायला कुणी नव्हतं, ती सातवी गाठ. दिवाळीला चुकून दोन पानं मांडली, ती बारावी. पण माझं बोलणं माणसांना ऐकू जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रतिमानं मला मांडीवर घेतलं आणि कडेच्या दशीला गाठ मारली.

“कशाची गं?”

“दिल्लीचं तिकीट परत करायचंय. विसरेन मी.”

बाई जवळ सरकल्या.

“सैल मारलीस,” म्हणाल्या, आणि ती ओढून घट्ट केली.