पिवळ्या टोपावरची पितळी पट्टी

माझी धाकटी लेक शितल हिचं लग्न झालं त्याच उन्हाळ्यात आमचा जिल्हा परभणीतून वेगळा निघाला. म्हणजे साल १९९९. जावई रणजीत माझ्याच हाताखाली कामाला होता. नगरपालिकेच्या आगीच्या बंबावर मी तीस वर्षं काढली. पोरगं बघताना मी त्याचं शेत किती ते विचारलं नाही, आगीसमोर त्याचा पाय मागं येतो का तेवढं पाहिलं. येत नव्हता. माझी बायको जमनाबाई म्हणाली होती की असा माणूस लेकीला देऊ नका. मी ऐकलं नाही.

आमच्या बंबावर एक पितळी टोप होता. निजामाच्या राज्यात कधीतरी आलेला. कपाळापासून मानेपर्यंत कोंबड्याच्या तुऱ्यासारखा उंच कणा, आत चामड्याचं अस्तर, वजन दीड किलोच्या वर. बाकीचे आम्ही डोक्याला ओलं पोतं गुंडाळून आगीत जायचो. टोप एकच, म्हणून त्याचा नेम ठरलेला होता. खंडेनवमीला बंब धुवायचा, झेंडूचा हार घालायचा, टोप चिंचेनं घासून लख्ख करायचा, हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा. मग सगळ्यात जुन्या माणसानं टोप उचलून एकाच्या डोक्यावर ठेवायचा. ज्याच्या डोक्यावर ठेवला त्यानं वर्षभर पाइपाचं तोंड धरायचं, म्हणजे आगीत सगळ्यांच्या पुढं राहायचं. हा मान कोणी मागायचा नाही आणि आलेला नाकारायचा नाही. अकरा वर्षं तो टोप माझ्या डोक्यावर होता. २००१ साली मी रिटायर झालो, तेव्हा तो रणजीतच्या डोक्यावर ठेवला. त्यानंतरही खंडेनवमीला जुना माणूस म्हणून मलाच बोलावणं यायचं.

पुढच्या हिवाळ्यात रणजीत नागपूरला ट्रेनिंगला जाऊन आला. येताना एक रंगीत पुस्तक घेऊन आला. देशोदेशीचे आग विझवणारे आणि त्यांचे टोप. पुस्तक इंग्रजी. मला अक्षरं आली तीच पन्नाशी ओलांडल्यावर, साक्षरतेच्या वर्गात, आणि तीही मराठी. म्हणून मी चित्रं बघत होतो आणि रणजीत वाचून सांगत होता. तांड्यावर आमच्या ओसरीत आम्ही बसलो होतो.

अमेरिकेवाल्यांचा टोप चामड्याचा, मागून सुपासारखा पसरट, म्हणजे वरून पडणारं पाणी मानेत जात नाही. कपाळावर पितळेचा गरुड. दीडशे वर्षं झाली तरी काही शहरांत तोच घालतात, असं रणजीत म्हणाला. फ्रान्सवाल्यांचा नवा टोप चांदीच्या तांब्यासारखा चमकत होता, समोर तोंड झाकायला काच. जर्मनीच्या टोपाला मागं चामड्याचा पडदा. जपानचे लोक पूर्वी जाडजूड शिवलेली टोपडी पाण्यात भिजवून डोक्यावर घ्यायचे. ते चित्र जमनाबाईनं चुलीपासून उठून येऊन पाहिलं.

"ही तर गोधडी हाय," ती म्हणाली. "आपल्या घरात चार पडल्यात. त्याहिला कळवा."

मग रणजीतनं एक पान उघडलं. त्यावर आमच्यासारखाच पितळी टोप होता, तसाच तुरा. विलायतेचा. तो म्हणाला की लंडनच्या लोकांनी हा टोप सत्तर वर्षं घातला आणि मग सोडून दिला. घराघरात विजेच्या तारा आल्या, तार टोपाला लागायची आणि माणूस जागेवर जायचा.

"पितळ वीज वढतं, मामा," तो म्हणाला.

"मग आमच्यानं काहून न्हाई वढली?"

"आपल्या गावात लाइट राहतेच कुठं?"

सगळे हसले. मीही हसलो. पण मी त्याला परत मागची पानं उघडायला लावली. म्हटलं, बघ, अमेरिकेवाल्यानं गरुड ठेवला. फ्रान्सवाल्यानं चमक ठेवली. नवं सगळ्यांनी घेतलं, पण जुनं कोणीच सगळं टाकलं नाही. रणजीतनं पुस्तक मिटलं. तो म्हणाला की ज्यानं जे ठेवलं ते मापून, तपासून ठेवलं. मला ते पटलं नाही.

२००३ च्या उन्हाळ्यात आमच्या बंबावर सहा नवे टोप आले. पिवळे, फायबरचे, हलके. मागं मानेवर पडदा, हनुवटीला पट्टा. आत एक कागद चिकटवलेला, त्यात टोपाला भोक पाडू नये, रंग देऊ नये असं लिहिलेलं होतं. पितळी टोप कपाटात गेला. रणजीतला आनंद झाला. बाकीच्यांना झाला नाही. शेषराव आमच्या बंबाचा ड्रायव्हर, माझ्याहून चार वर्षांनी लहान. तो टोप डोक्यावर घालून आरशात बघून म्हणाला की आता लाइनमनसारखं खांबावर चढायचं तेवढं राहिलं.

पावसाळ्याआधी शिरड शहापूरकडं एका मळ्यात कडब्याची गंजी पेटली. गर्दी जमली होती. पूर्वी पितळी टोप लांबून दिसला की लोक आपोआप बाजूला व्हायचे. त्या दिवशी कोणी हललं नाही. एकानं तर रणजीतचा हात धरून विचारलं की तुमचा ठेकेदार कुठं हाय. पाइप ओढत गर्दीतून जायला वेळ लागला आणि शेजारची दुसरी गंजीही गेली. हे मला शेषरावनं सांगितलं. मी त्याच आठवड्यात तांबटाकडं गेलो.

तांबटानं दोन बोटं रुंद पितळेची पट्टी घडवली, मधून उंच, कपाळापासून मानेपर्यंत जाईल अशी. रणजीतच्या पिवळ्या टोपाला पाच जागी भोकं पाडून ती खिळ्यांनी पक्की करायची. हे मी रणजीतला आधी सांगितलं. लपवलं नाही. तो एकटाच होता तेव्हा सांगितलं. तो म्हणाला,

"मामा, खिळे आत येतील. माझ्या डोस्क्याला लागतील."

"आत काही तरी लाव."

"लागतील म्हणजे टोचतील असं न्हाई म्हणत मी. वरची वीज आत येईल."

मी म्हटलं की दोन बोटांची पट्टी आहे, टोप नाही. पूर्ण पितळ घालून अकरा वर्षं मी मेलो नाही. आणि आगीत जाताना आपण दिसलो पाहिजे, लोकांना आणि मागच्या पोरांनाही. त्यानं मला पुस्तकातलं पान परत दाखवलं नाही. मला वाटलं त्याला पटलं.

खंडेनवमीला बंब धुतला. नेहमीप्रमाणे हार, नारळ झालं. मी पट्टी बसवलेला पिवळा टोप हातात घेतला. सगळी माणसं उभी होती, काहींच्या बायका आल्या होत्या, शितलही दोन वर्षांची लेक पुनम हिला कडेवर घेऊन उभी होती. मी टोप रणजीतच्या समोर धरला. त्यानं माझ्याकडं पाहिलं. एकट्यात तो मला नाही म्हणू शकला असता, अजूनही. पण सासऱ्यानं चारचौघांत धरलेला मान कोणता जावई नाकारतो? हे मला माहीत होतं. मी तिथंच धरला.

"तुमी म्हणून, मामा," तो हळूच म्हणाला, आणि डोकं वाकवलं.

पाच महिने काही झालं नाही. तीन-चार आगी झाल्या. लोक वाट द्यायला लागले. शेषराव म्हणायचा की बंबाला बंबाचं रूप परत आलं. रणजीत घरी आला की त्याबद्दल बोलत नसे, आणि मीही विचारत नसे.

मार्च महिन्यात, होळी होऊन दहा-बारा दिवस झाले होते, कनेरगाव नाक्याच्या अलीकडं एका जिनिंगला आग लागली. आमचा तांडा तिथून जवळ. दुपारचे बारा वाजले असतील. धूर दिसला तसा मी निघालो आणि बंबाच्या आधी पोहोचलो. पत्र्याच्या लांब शेडमध्ये कापूस पेटला होता. कापसाची आग वरून दिसत नाही, ती आत आत जाते, आणि माणसाला आत जाऊन ढीग फोडावा लागतो. शेडच्या दारावरून विजेची तार गेली होती, खांब कलला होता. मी मालकाच्या माणसाला विचारलं की लाइन बंद केली का. तो म्हणाला बंद करायला माणूस गेलाय.

बंब आला. शेषरावनं गाडी लावली. रणजीत उतरला, टोपाचा पट्टा बांधला, पाइपाचं तोंड घेतलं. उन्हात पट्टी अशी चमकली की रस्त्यावरच्या ट्रकवाल्यांनीही बघितलं असेल. गर्दी बाजूला झाली. तो माझ्या समोरून गेला. मी ओरडून सांगितलं की लाइन चालू असंल, थांब. पंपाच्या आवाजात त्यानं ऐकलं की नाही, मला माहीत नाही. त्यानं हात वर केला. तो हात हो म्हणून होता की येतो म्हणून, ते मला आजही सांगता येत नाही.

मी शेषरावकडं धावलो, लाइनचं सांगितलं. शेषराव म्हणाला, माणूस गेलाय ना. मी म्हटलं, आला नाही. रणजीत मागं वळावा म्हणून त्यानं पाण्याचा दाब कमी केला, पण तोवर रणजीत शेडच्या दारात पोहोचला होता. माझे पाय निघत होते, पण दोन जणांनी मला धरलं. म्हातारा आत गेला तर अजून एक जीव जाईल, असं ते म्हणत होते. बरोबरच म्हणत होते. मी उभ्या जागेवरून खांब कलताना पाहिला. तार सैल झाली, पत्र्यावर घासली, ठिणग्या उडाल्या, आणि ती खाली आली. पिवळ्या टोपावर आली. आवाज झाला नाही. रणजीत बसल्यासारखा खाली गेला. पाइप सुटून पाणी वरती उडत राहिलं. लाइन बंद झाली ती त्यानंतर. किती वेळानं ते नक्की सांगता येत नाही. मला फार वेळ वाटला, शेषराव म्हणतो दोन मिनिटं.

दवाखान्याच्या अंगणात शेषरावनं टोप माझ्या समोरून उचलला. टोप एका बाजूनं वितळला होता. त्यानं छिन्नीनं पट्टी काढली, खिळे काढले आणि कुठं तरी नेऊन टाकले. मला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, चौकशी होईल. टोपात फेरबदल केला असं लिवलं तर शितलला त्याच्या जागी घेणार न्हाईत. तुमी काहीच बोलू नका."

चौकशीला बाहेरगावचे साहेब आले. त्यांनी मला विचारलं की टोप कंपनीतून आला तसाच होता का. मी म्हटलं मला माहीत नाही. त्यांनी ते लिहिलं आणि खाली मी सही केली. उठताना मी त्यांना विचारलं की साहेब, टोपावर काही धातू असता तर फरक पडला असता का. ते म्हणाले, बाबा, माणूस नखशिखांत भिजलेला, पाय पाण्यात. धातू असला काय आणि नसला काय, सांगता येत नाही. हे उत्तर मी किती वेळा मनात फिरवलं. ते मला सोडवतही नाही आणि धरतही नाही.

शितलला पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात शिपायाची नोकरी लागली. रुजू व्हायच्या आदल्या दिवशी ती तांड्यावर आली होती. पुनम ओसरीत खेळत होती. शितल मला म्हणाली की टोप आतून टोचून राहिला असं हे म्हणत होते, म्हणून मीच आतून चिंधी शिवून दिली होती. पाच जागी, खिळ्यांवर. घामानं ओली व्हायची, मी वाळत घालायची.

"तवाच काढून फेक म्हणायला पाहिजे होतं मी," ती म्हणाली.

मी म्हटलं, "तुझा काही दोष न्हाई, लेकी."

तिनं मान वर केली. "मग कोनाचा, बा?"

जमनाबाई चुलीपाशी होती, तिनं आमच्याकडं पाठ केली. मी तोंड उघडलं होतं. पण उद्या शितल त्या ऑफिसात जाणार होती, माझ्या सहीच्या जोरावर. शितल पुनमला उचलून तोंड धुवायला घेऊन गेली.

माझा जावई रणजीत देविदास आडे, बंबावरचा फायरमन, वय एकतीस, बुधवार दिनांक १७ मार्च २००४ रोजी दुपारी जिनिंगच्या आगीत वारला.