एक डिस्क की दोन

एग्मोर स्टेशनच्या मागे, पुदुपेट्टईत, जुन्या गाड्यांचे भाग विकणाऱ्या दुकानांच्या रांगेत संताजीरावांचं गॅरेज होतं. घराणं तंजावरचं मराठी, पण गॅरेजमध्ये दिवसभर तमिळच चाले. त्यांचा मुलगा मानाजी तर मराठी फक्त आजीशी बोलायचा आणि आजी गेल्यावर तेही सुटलं होतं. वडील, म्हणजे अप्पा, मराठीत काही बोलले की तो तमिळमध्ये उत्तर द्यायचा. अप्पांनीही कधी तक्रार केली नव्हती.

मग यश आला. ओरगडमच्या एका कारखान्यात इंजिनिअर, मूळचा सांगलीचा. शनिवारी आपली मोटरसायकल दाखवायला म्हणून आला आणि अप्पांनी त्याचं नाव-गाव विचारलं. अर्ध्या तासात दोघं स्टुलावर समोरासमोर बसून हसत होते. मग तो दर शनिवारी येऊ लागला. अप्पांची जुन्या वळणाची मराठी ऐकून यशला मौज वाटायची आणि यशचे शब्द अप्पा जिभेवर घोळवून बघायचे. इतकं मोकळं हसताना मानाजीनं वडिलांना क्वचितच बघितलं होतं. तो कार्ब्युरेटर धुत उभा राहिला आणि पेट्रोल बोटांवरून ओघळत राहिलं, तेही त्याच्या लक्षात आलं नाही.

श्रीपेरुंबुदूरजवळच्या ट्रॅकवर दर वर्षी क्लबची शर्यत व्हायची. गॅरेजची एक गाडी त्यात असायचीच. ती मानाजी चालवायचा. २००८ साली अप्पा म्हणाले, "यंदा यश चालवेल. तू जड झालास पा." खरंच होतं ते. लग्नानंतर मानाजीचं वजन वाढलं होतं. तो "सरि", बरं, एवढंच म्हणाला.

पण पुढच्या ब्रेकचा विषय निघाला तेव्हा त्याला गप्प बसवेना. मोडीत आलेल्या एका परदेशी गाडीचा पुढचा सगळा भाग त्यानं महिनोन्‌महिने शोधून मिळवला होता. दोन्ही बाजूंना एकेक डिस्क आणि ती चिमट्यासारखी दाबणारा एकेक कॅलिपर. अप्पांच्या गाडीला दोन डिस्क लावायच्या, हे त्यानं मनाशी धरलं होतं.

"ही गाडी हलकी आहे," यश म्हणाला. "पुढचा टायर रस्ता जेवढा धरेल तेवढीच ती थांबणार. तेवढ्याला एक डिस्क पुरते. दुसरी लावली तर चाकाचं वजन तेवढं वाढेल."

"लांबच्या शर्यतीत एक डिस्क तापते," मानाजी म्हणाला. "तुला काय माहीत? मी इथे पाच वर्षं चालवलंय."

अप्पा दोघांकडे बघत म्हणाले, "चालवून बघा. मग बोला."

पुढच्या रविवारी ट्रॅकवर आधी मानाजीनं गाडी दोन्ही तऱ्हांनी चालवली. दोन डिस्क लावल्यावर सरळ रस्त्याच्या शेवटी गाडी झकास थांबली, पण एका डिस्कवरही ती तिथेच थांबली होती. आणि दोन डिस्क असताना डाव्या वळणात शिरताना हँडल हट्टी झालं होतं, खांद्यानं ढकलावं लागत होतं. यशचं बरोबर होतं, हे हेल्मेट काढायच्या आधीच त्याला कळलं.

"दोन डिस्क," तो अप्पांना म्हणाला. "विचारायलाच नको."

अप्पांनी त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग त्यांनी यशला गाडीवर बसवलं आणि तो परत आल्यावर दोघं मराठीत बोलत राहिले. मानाजीला सगळं कळत होतं, तरी त्यातलं काहीच आपल्यासाठी नाही असं त्याला वाटलं.

"एक पुरें," अप्पा शेवटी म्हणाले.

त्या रात्री बायको नंदितानं विचारलं, "काय झालं?" तो म्हणाला, "काही नाही. अप्पांना मुलगा मिळाला." ती हसली. तो हसला नाही.

शर्यतीच्या सकाळी अप्पांनी ब्रेकची नळी नवी घातली. कॅलिपरजवळचा बोल्ट त्यांनी स्वतः आवळला. मानाजी शेजारी उभा राहून सगळं बघत होता. कोणी मदत मागितली नाही, त्यानंही केली नाही. गाड्यांची इंजिनं सुरू झाली, हवेत धूर आणि तापलेल्या रबराचा वास भरला. यश गाडीवर बसला. अप्पांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

तेवढ्यात मानाजीला कॅलिपरच्या बोल्टखाली ओलसर चकाकी दिसली. ब्रेकचं तेल. बोल्ट पुरता आवळलेला नव्हता.

त्याचा अर्थ त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. दोन-तीनदा जोरात ब्रेक दाबला की तेल निघून जाईल आणि लिव्हर हँडलला टेकेल. त्याच्या मनात आलं, जाऊ दे. पहिल्या वळणावर जाऊ दे त्याला सरळ रेतीत. मग कळेल अप्पांना, एक पुरे की दोन हव्यात.

यशनं हेल्मेटची काच खाली ओढली. गिअर पडल्याचा आवाज झाला. गाडी हलली, वीतभर, मग हातभर. अप्पांचा हात अजून यशच्या पाठीवर होता, गाडीबरोबर ते दोन पावलं चालतही होते.

"निल्लु दा!" मानाजी ओरडला. थांब! पुढे झेप घेऊन त्यानं हँडलच पकडलं, गाडी त्याच्या मांडीवर आदळली. "बोल्ट बघ. ब्रेक बघ."

यश खाली वाकला, बोट लावलं, बोट ओलं झालं. अप्पांनीही बघितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ते काही बोलणार, तोच यश म्हणाला, "काका, माझीच चूक. सकाळी मी तो बोल्ट पुन्हा सैल करून बघितला होता. नीट कसायचा राहिला."

यशनं बोल्टला हातही लावला नव्हता. मानाजी सगळा वेळ तिथेच होता. अप्पांनाही ते माहीत होतं. पण ते लांब जाऊन तेलाच्या पिंपावर बसले.

आणि मानाजी पुन्हा मनातून जळाला. आपण त्याचा जीव वाचवला, आणि इथेही तोच पुढे गेला. अप्पांची लाज राखायचं त्याला सुचलं, आपल्याला नाही.

मानाजीनं नवे वायसर घातले, बोल्ट कसला, तेल भरून हवा काढली. तोवर बाकीच्या गाड्यांच्या कितीतरी फेऱ्या झाल्या होत्या. यश सगळ्यांच्या मागून निघाला आणि शेवटापर्यंत चालवत राहिला. गाडी एका डिस्कवर न कुरकुरता थांबत होती. नंबर अर्थातच आला नाही.

संध्याकाळी सामान टेंपोत चढवताना मानाजीनं त्याला गाठलं. "खोटं का बोललास?" त्यानं मराठीत विचारायचा प्रयत्न केला, अर्धं वाक्य तमिळमध्येच झालं.

यशनं ग्लोव्हज काढले. "त्यांचा उजवा हात थरथरतो रे. पाना धरला की जास्तच. गेल्या महिन्यापासून बघतोय मी. तुला वाटलं असेल मी गप्पा मारायला बसतो तिथे. बारीक कामाची वेळ आली की मी हळूच पाना मागून घेतो. आज तू शेजारी होतास, म्हणून मी लक्ष दिलं नाही." तो थांबला. "तुला माहीत नव्हतं?"

गेला महिनाभर मानाजी त्या दोघांकडे बघत होता. दर शनिवारी, जळत जळत. कोण हसतंय, कोण कुणाच्या किती जवळ बसलंय, सगळं त्यानं बघितलं होतं. वडिलांच्या हाताकडे तेवढं बघितलं नव्हतं.

सोमवारी सकाळी तो गॅरेजमध्ये लवकर आला. अप्पा एका स्कूटरचं चाक बसवत होते. तो त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उकिडवा बसला.

"द्या," तो म्हणाला.

"मी करतों की."

"माहीत आहे, अप्पा. द्या."

अप्पांनी पाना सोडला नाही. मग सोडला. मानाजीनं चारही नट कसले, प्रत्येक नट दोनदा. अप्पा बाजूला बसून बघत राहिले, आणि थोड्या वेळानं त्यांनी तो हात दुसऱ्या हाताखाली झाकून मांडीवर ठेवला.

"डॉक्टरांकडे कधी जायचं?" मानाजीनं विचारलं.

"शनिवारी जाऊं," अप्पा म्हणाले. "यश येईल तेव्हा."

"यश कशाला? मी आहे ना."

आवाज जरा चढलाच होता. अप्पा त्याच्याकडे बघून हसले, मोठ्यानं, खांदे हलेपर्यंत. "बरें बरें," ते म्हणाले. "तूच चल."