सातवी जोडी

"जोड्या!"

शिट्टी दोनदा वाजली आणि तळ्यातला दंगा थांबला. मुलं एकमेकांच्या अंगावर पाणी उडवत आपापला जोडीदार शोधू लागली. जोडीने हात धरून वर करायचे आणि आपला क्रमांक ओरडायचा, हा नियम. दर दहा मिनिटांनी. दिवसाचे दोन तास, उन्हाळी शिबिराचे सहा आठवडे, आणि अशी सव्वीस वर्षं.

"एक!" "दोन!" "तीन!"

धक्क्यावर उभे राहून सर मोजत होते. मुलं पाठीमागे त्यांना बेडूक सर म्हणत, कारण पाण्यात त्यांचे पाय तसे चालत. दरवर्षीच्या मुलांना वाटे, हे नाव आपल्यालाच पहिल्यांदा सुचलं. सरही त्यांचा हिरमोड करत नसत.

"सात!" हे जरा जास्तच मोठ्याने आलं. "आठ!" "नऊ!"

नऊ आवाज, वर गेलेल्या हातांचे नऊ पुंजके. सरांनी शिट्टी दिली आणि मुलांनी अर्धवट राहिलेली भांडणं पुढे चालू केली. सर खुर्चीत टेकले. खरं तर पहारा उभ्यानेच द्यायचा, हाही त्यांचाच नियम. पण अठ्ठावन्नाव्या वर्षी गुडघे नियम ऐकून घेत नाहीत. या वर्षी तर सकाळी उठतानाच ते इतके थकलेले असत की दिवसभर राबूनच अंथरुणातून उठलोय की काय, असं त्यांना वाटे.

आणि पुंजके म्हणजे अगदी पुंजकेच. त्याहून जास्त काही सरांना दिसत नव्हतं. काचेवर कुणी ओला अंगठा दाबावा तसा डाग नजरेच्या बरोबर मध्यावर आला होता, आणि जिकडे बघावं तिकडे तो आधी जाऊन बसे. गेल्या हिवाळ्यापासून माणसांचे चेहरे गेले. डॉक्टर म्हणाले, "पडदा झिजलाय. गेलं ते परत यायचं नाही, उरलंय ते जपा." सर मुलांना आवाजावरून, चालण्यावरून, पाण्यात हात मारायच्या पद्धतीवरून ओळखत. शिबिराआधीच्या तपासणीत फुटबॉलचे सर त्यांच्या पुढे होते. त्यांनी अक्षरांचा तक्ता खणखणीत आवाजात वाचला, तो सरांनी रांगेत उभ्या उभ्या पाठ केला आणि एकही चूक न करता म्हणून दाखवला. त्या दिवशी चष्मा लागला तो बिचाऱ्या स्वयंपाक्याला.

बायकोला सगळं माहीत होतं. निघताना ती म्हणाली, "अहो, लोकांच्या पोरांचा जीव आहे तो. तिथे डोळ्यांत तेल घालून उभं राहायला लागतं."

"एवढा एकच उन्हाळा," सर म्हणाले. पाणी सोडलं तर घरी बसून करायचं काय, हे त्यांना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी कदाचित ऐकलं असतं.

"सर."

कुणीतरी धक्क्याला धरून उभं होतं. धापा टाकण्यावरून सरांनी ओळखलं, हा ढोल. अंगाने भरलेला, पाण्यावर ओंडक्यासारखा तरंगणारा, शिबिराच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर. त्याचा जोडीदार काडी. काडी मैदानावर वाऱ्यासारखा पळे, पण पाण्यात उतरला की दगड. चांगल्या पोहणाऱ्याला कच्चा पोहणारा जोडून द्यायचा आणि शेवटपर्यंत जोडी मोडायची नाही, अशी सरांची पद्धत होती. पहिल्या आठवड्यात हे दोघं टॉवेलवरून मारामारी करत होते. आता चौथा आठवडा होता, आणि एकाला खोकला झाला तर दुसरा औषध मागायला येई.

"काय रे?"

"सर, तो नाहीये."

"कोण नाहीये?"

"काडी. मघाशी सात नंबरला मी एकट्यानेच दोन्ही हात वर केले. तो लव्हाळ्यांच्या मागे गेलाय, तळ्यामधल्या तराफ्यापर्यंत जायची प्रॅक्टिस करायला. शनिवारी पोहायची शर्यत आहे ना, आणि सगळे हसतात त्याला. पुढच्या शिट्टीच्या आत येतो म्हणाला होता. अजून आला नाही, सर."

सर खुर्चीतून उठले. मोजणी तर बरोबर आली होती. नऊच्या नऊ.

"सगळे बाहेर!" ते ओरडले. "ढोल, मैदानावर पळ. फुटबॉलच्या सरांना घेऊन ये." आणि अंगातल्या कपड्यांसकट त्यांनी उडी घेतली.

पाण्यात त्यांना डोळ्यांची गरज कधीच नव्हती. लव्हाळ्यांना वळसा घालून ते थांबले आणि कान देऊन ऐकू लागले. स्वतःच्याच छातीची धडधड आधी ऐकू आली. मग उजवीकडे कुणीतरी खोकलं.

तळ्याची हद्द दाखवणाऱ्या दोराला काडी दोन्ही हातांनी लोंबकळत होता. पायात गोळा आला होता, दात कडकड वाजत होते, नाकातोंडात पाणी गेलं होतं.

"सर, मी अर्ध्याच्या पुढे गेलो होतो," तो म्हणाला.

"बोलू नकोस. माझ्या खांद्याला धर. गळ्याला नको, खांद्याला."

जिवावरचं शेपटावर निभावलं. काठावर फुटबॉलच्या सरांना त्या दोघांनाही हात देऊन वर ओढावं लागलं.

तासाभराने सगळे कार्यालयात होते. टेबलामागे व्यवस्थापक, समोर टॉवेल गुंडाळलेली दोन मुलं, बाजूला ओल्या कपड्यांतले सर. व्यवस्थापकही याच तळ्यात, याच सरांच्या हाताखाली पोहायला शिकला होता. चारचौघांत सर त्याला साहेब म्हणत, एकटा असला की अरेतुरे.

"मोजणीत फसवाफसवी केली की घरी, हे पहिल्या दिवशीच सांगितलं होतं," व्यवस्थापक म्हणाला. "दोघांच्या घरी फोन करतो. संध्याकाळच्या गाडीने जायचं."

"हात मी वर केले, साहेब," ढोल म्हणाला. "मला पाठवा."

"मीच त्याला सांगितलं होतं," काडी म्हणाला. "मला पाठवा. त्याला राहू दे. शनिवारी शर्यतीनंतर मॅच आहे आणि दुसरा गोलकीपर नाहीये आपल्याकडे."

"आणि सरांची काही चूक नाही," ढोल घाईघाईने म्हणाला. "आम्ही फसवलं त्यांना."

यावर सरांनी काही बोलायची गरजही नव्हती. मुलांनी गुन्हा कबूल केला होता, व्यवस्थापकाला तो पटला होता, आणि दोन आठवडेच काढायचे उरले होते. नुसतं गप्प बसायचं. सर गप्प बसले, आणि ते गप्प बसणं किती सोपं जातंय याची त्यांना स्वतःचीच शरम वाटली. शेजारी काडी हुंदका दाबत होता. व्यवस्थापकाने फोन उचलल्याचा आवाज आला.

"थांब," सर म्हणाले.

चारचौघांत पहिल्यांदाच अरेतुरे झालं होतं. फोन खाली ठेवला गेला.

"यांनी मला फसवलं नाही. एका मुलाने दोन हात वर केले, तर खाली डोकं एकच आहे हे कुणालाही दिसेल. मला दिसलं नाही."

"उन्हाची तिरीप असते, सर. पाणी चमकतं. होतं असं कधी कधी..."

"सकाळपासून आभाळ भरलंय." सरांनी आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. "तू आत्ता माझ्यावर चिडलायस की मला सांभाळून घेतोयस, हेसुद्धा मला तुझ्या तोंडाकडे बघून कळत नाही."

व्यवस्थापकाने मुलांना बाहेर पाठवलं. मग दार लावून घेतलं.

"कधीपासून?"

"गेल्या हिवाळ्यापासून."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही तुम्हाला?"

"सांगितलं असतं, तर धक्क्यावर उभं केलं असतंस?"

"नाही."

"म्हणून."

"पोरगं गेलं असतं, सर!" व्यवस्थापकाने टेबलावर हात आपटला. "त्याच्या आईला काय सांगायचं होतं मी?"

त्याचा जो काही राग होता तो रास्त होता, आणि रास्त रागापुढे मान खाली घालण्याशिवाय माणूस दुसरं काय करणार?

मुलं राहिली. शिक्षा म्हणून आठवडाभर स्वयंपाकघरातली मोठी पातेली घासायला लागली. धक्क्यावर त्याच दुपारपासून फुटबॉलचे सर उभे राहिले. बेडूक सरांनी शनिवारची शर्यत पाहुण्यांच्या खुर्चीत बसून पाहावी आणि मग गाडीने घरी जावं, असं ठरलं. बायकोला फोनवर सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "या. वाट बघते."

शनिवारी सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला, बूट घातले. उन्हाळ्यात त्यांना अनवाणी फिरायची सवय, त्यामुळे बूट चावत होते. समोर लख्ख ऊन होतं आणि उन्हात नुसता आरडाओरडा होता. तराफ्यापर्यंत जाऊन परत यायचं, एवढीच शर्यत. कुणीतरी जिंकलं, टाळ्या झाल्या. मग बऱ्याच वेळाने पुन्हा टाळ्या झाल्या, आणि या खेपेला कुणीतरी बेंबीच्या देठापासून ओरडत होतं. तो आवाज ढोलचा होता.

थोड्या वेळाने समोर पाणी निथळताना ऐकू आलं.

"सर, पाहिलंत?" काडीने विचारलं. तो अजून धापा टाकत होता.

इतकी वर्षं सर अशा प्रश्नाला 'पाहिलं, छान!' म्हणत आले होते.

"नाही रे," ते म्हणाले. "मला दिसलं नाही. कितवा आलास?"

"शेवटचा."

"मध्येच दोर धरलास?"

"नाही."

"बस इथे. मग पहिल्यापासून सांग. उडी कशी मारलीस?"

काडी ओल्या अंगाने खुर्चीपाशी जमिनीवर बसला. ढोलही येऊन बसला आणि दर वाक्याला त्याच्या चुका काढू लागला. सर मध्येच विचारत, "कोपर वर होतं का?" काडी म्हणे, "नव्हतं." "मग दमणारच. पुढे?"

फाटकापाशी गाडी येऊन उभी राहिली. ड्रायव्हरने हॉर्न दिला, मग पुन्हा दिला. व्यवस्थापक सरांची बॅग घेऊन स्वतः आला.

"सर, निघायला हवं."

"पाच मिनिटं थांब म्हणावं त्याला," सर म्हणाले. काडीचं सांगणं आत्ताशी तराफ्यापर्यंत आलं होतं, परत यायचं अजून बाकी होतं.