काडीने मूळ धरेपर्यंत

ड्यूटीवरून घरी आल्यावर बूट काढायचे, एवढं साधं काम ड्रायव्हरच्या रोज जिवावर यायचं. पहाटेपासून दुपारपर्यंत तोच रस्ता, तेच थांबे, कंडक्टरची तीच "पुढे सरका, पुढे सरका"ची हाकाटी. क्लच दाबून दाबून डावा गुडघा कामातून गेलेला. वाकलं की कंबर बोंब मारायची, म्हणून तो दाराशी स्टुलावर बसायचा आणि बराच वेळ नुसताच बसून राहायचा.

आतून सासूबाई विचारायच्या, "आलात का, की नुसतंच दार वाजलं?"

"नुसतंच दार वाजलं," तो म्हणायचा.

मग गॅस पेटल्याचा आवाज यायचा, कपबशा वाजायच्या. अख्ख्या दिवसात त्याला बरं वाटायचं ते एवढ्याच वेळी.

सासू आणि जावई एका घरात, आणि दोघांना जोडणारी जी होती तीच नाही, हे कोडं शेजारपाजाऱ्यांना काही सुटत नसे. सासूबाई आल्या होत्या मुलीच्या आजारपणात. मुलगी गेली. भेटायला येणारी माणसं आली तशी गेली. सासूबाई मात्र राहिल्या. आधी म्हणाल्या, तिचे कपडे आवरते. मग म्हणाल्या, हिवाळा सरू दे, प्रवास झेपत नाही. "जावयाच्या घरात किती दिवस पाय पसरायचे?" असं त्या शेजारणीपाशी बोलल्याचंही त्याच्या कानावर आलं होतं. त्यांना मुलगा होता, सून होती, नातवंड होतं, ऐसपैस घर होतं. त्यांना थांबा म्हणायचं तरी कोणत्या तोंडाने? म्हातारीला आपल्या चहापाण्यासाठी अडकवून ठेवायचं, तर त्यासारखा आपमतलबीपणा नाही, असं त्याला वाटायचं. आणि वाटायचं म्हणून तो गप्प बसायचा. गप्प बसण्यात त्याचा हात कोणी धरला नसता.

अंजिराचं निघालं ते याच हिवाळ्यात. इमारतीच्या मागे भिंतीला लागून एक झाड होतं, त्याच्या बायकोने लावलेलं. त्याची मुळं सांडपाण्याच्या पाइपात शिरली, तळमजल्यावर पाणी तुंबायला लागलं आणि झाड पाडायचं ठरलं. करवतवाले यायच्या आदल्या दिवशी सासूबाई स्वयंपाकघरातली सुरी घेऊन खाली उतरल्या आणि पेन्सिलीएवढ्या जाड चार काड्या कापून वर आल्या. पानं गळून गेलेली, त्यामुळे ड्रायव्हरला ते निव्वळ सरपण वाटलं.

"खालचं टोक तिरपं कापलंय, वरचं सरळ," सासूबाई म्हणाल्या. "म्हणजे डोकं कुठलं अन् पाय कुठले, ते कळतं. माणसांचं कळत नाही तेवढं."

त्यांच्या हाताला गुण होता, हे सगळं गोत जाणून होतं. आईने झाडूची काडी रोवली तरी पालवी फुटेल, असं त्यांची मुलगीच हसून सांगायची. त्यांनी नारळाचा भुसा भिजवला आणि घट्ट पिळून काढला. प्लास्टिकच्या पारदर्शक ग्लासांना तापल्या सुईने बुडाशी भोकं पाडली, एकेका ग्लासात एकेक काडी उभी केली, वर पिशव्या घातल्या आणि चारही ग्लास फ्रिजच्या डोक्यावर मांडले. तिथे ऊब असते. भुसा मुठीत दाबला तर थेंब पडता कामा नये, पाण्याने काडी कुजते, हेही त्यांनी त्याला बजावून सांगितलं.

मग हात पुसत म्हणाल्या, "यांनी मूळ धरलं की एक मी नेते, बाकीच्या तुम्हाला ठेवते. तेवढं झालं की मी मोकळी."

ते 'मोकळी' त्याला लागलं. पण तो म्हणाला, "चालेल."

त्या दिवसापासून चहाबरोबर ग्लास निरखण्याचं आणखी एक काम त्याच्या मागे लागलं. ग्लासाच्या भिंतीला पांढरा धागा चिकटलेला दिसतो का, ते तो बघायचा आणि नाही दिसला की निवांत व्हायचा. पहिली काडी बुडापासून काळी पडली. सासूबाईंनी ती मुकाट्याने कचऱ्यात टाकली. दुसरीला मात्र छान दोन पानं फुटली. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

"पानांवर जाऊ नका," सासूबाई म्हणाल्या. "काडीत साठवलेलं असतं, त्याच्यावर फुटतात. खाली मुळाचा पत्ता नाही. उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग."

खरंच, आठवड्याभरात पानं मान टाकून लोंबायला लागली. ड्रायव्हरला हायसं वाटलं, आणि पाठोपाठ स्वतःची शिसारी आली. बायकोच्या झाडाची काडी न् काडी मरते आहे, आणि आपल्याला बरं वाटतं? हा कुठला माणूस आपण? त्या दिवशी त्याने बस दोन थांब्यांवर थांबवलीच नाही, इतकं त्याचं लक्ष उडालं होतं. लोकांनी घंटा बडवली, शिव्या घातल्या. त्या त्याने निमूट ऐकून घेतल्या.

दर रविवारी मेहुण्याचा फोन यायचा. "आई, धरलं का मूळ? खोली रंगवून घेतलीय तुझी."

"पी हळद अन् हो गोरी, असं असतं का?" सासूबाई त्याच्यावर खेकसायच्या. "धरेल तेव्हा धरेल."

तिसरीला बुरशी आली, तेव्हा मात्र ड्रायव्हरला राहवलं नाही. ग्लासाखालच्या बशीत बोटभर पाणी साचलेलं त्याने पाहिलं होतं. "आई, पाणी जरा जास्त होतंय का?"

"मला शिकवा आता," त्या म्हणाल्या आणि पाठ फिरवून भाजी चिरायला बसल्या. त्यांच्या पाठीकडे बघून त्याला वाईट वाटलं. दुःखाने म्हातारीच्या हाताचा गुणही गेला, असं त्याच्या मनाने घेतलं. राहिलेल्या एकुलत्या एका ग्लासाबद्दल तो पुन्हा एक शब्द बोलला नाही.

आणि त्याच ग्लासात एका दुपारी त्याला धागा दिसला. एक नाही, चांगले चारपाच. पांढरे, जाड, भुशातून ग्लासाच्या भिंतीपर्यंत आलेले. त्याने ग्लास फिरवून मुळांची बाजू भिंतीकडे केली आणि चहा प्यायला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तो घरी आला तेव्हा मेहुण्याच्या चपला दारात होत्या.

मेहुणा स्वयंपाकघराच्या खिडकीशी ग्लास उजेडात धरून उभा होता. सुट्टी मिळाली म्हणून न कळवताच आला होता. "भाऊजी, बघा! मुळंच मुळं! अन् आई म्हणते, अजून काही नाही. आई, ही मुळंच ना?"

सासूबाई कणीक मळत होत्या. "मला मेलीला काय दिसतंय? यांना विचार," त्या म्हणाल्या. चष्मा त्यांच्या नाकावर होता.

मेहुण्याने ग्लास त्याच्यापुढे धरला. ड्रायव्हर चौकटीला टेकून उभा राहिला. तो इतका दमला होता की खोटं बोलायचं तरी ते जुळवायला लागतं, तेवढीही ताकद त्याच्यात उरली नव्हती.

"मुळं आहेत," तो म्हणाला. "केव्हाची आहेत. मीच ग्लास फिरवून ठेवला होता." मग त्याने मान खाली घातली. "आई, तुम्ही जाऊ नका. या घरात कोणी नसताना कुलूप उघडायची मला भीती वाटते. माझा काही हक्क नाही, ते कळतं मला. पण जाऊ नका."

"अहो भाऊजी, पण तिकडे तिची खोली..."

"तू जरा गप बस," सासूबाई म्हणाल्या. कणकेचे हात तसेच परातीत होते. "अन् तुम्ही! एवढं बोलायला इतके दिवस? मी जाते म्हटलं तर तुम्ही म्हणालात 'चालेल', मग मी कशाच्या जोरावर राहायचं होतं? मी तीन काड्या मारल्या हो. तुम्ही ड्यूटीवर गेलात की रोज तांब्या तांब्या पाणी ओतत होते, कुजावं म्हणून. चौथीवरही ओतणार होते. तांब्या उचललासुद्धा."

त्यांनी मनगटाने डोळे पुसले. मुलगी गेल्यापासून त्या कोणासमोर रडल्या नव्हत्या.

"पण तिने लावलेलं झाड ते. शेवटचीच काडी. नाही झालं माझ्याच्यानं."