नळी त्याची, बाकी माझी

पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं आणि बंदुका घडवणाऱ्या मेहेरदिल उस्तादाच्या पुतण्यानं, जरकनं, खाइस्ता गुलच्या भावावर गोळी झाडली. ती मांडीत लागली. बंदूक शेजारच्या दुकानातली होती म्हणून मांडीवर निभावलं, असं उस्तादाचं मत होतं; पण जिर्ग्यात, पंचांच्या बैठकीत, त्यानं ते बोलून दाखवलं नाही. घरात पुरुष दोनच, तो आणि जरक. तह झाला नाही तर एकच उरणार होता.

पंचांनी तह ठरवला. तारण म्हणून उस्तादानं आपली सर्वांत लाडकी बंदूक खाइस्ता गुलकडे ठेवायची. तह मोडला, की बंदूक गेली.

दर्रा आदमखेलच्या बाजारात उस्तादाचा जन्म लोकांच्या बंदुका हुबेहूब उतरवण्यात गेला होता. मूळ शिक्क्यातली चूकसुद्धा तो इमानानं उतरवी. कुणाची नक्कल नसलेली बंदूक ही तारणातली एकच. नळी इंग्रजी, बोल्ट जर्मन, मॅगझिन रशियन, दस्ता घरच्या अक्रोडाचा. जन्मात एकमेकींचं तोंड न पाहणाऱ्या फौजा त्याच्या कानशीखाली गुण्यागोविंदानं नांदत होत्या.

“ही बंदूक म्हणायची की लग्नाची पंगत?” खाइस्ता गुल म्हणाला. “कुठकुठले पाहुणे जमवलेस, उस्ताद!”

“झाडून बघ, मग दात काढ.”

खाइस्ता गुलनं ती उचलली. नळीच्या टोकाशी कानशीनं कोरलेली चंद्रकोर होती. त्याचा अंगठा तिथंच थांबला.

“ही माझ्या बाबांची नळी आहे.”

“भंगारात मिळाली मला.”

“घर जळालं तेव्हा मीच विकली. पण माझ्याच बापाची वस्तू मला तारण देतोस? उद्या माझीच दाढी माझ्याकडे गहाण टाकशील!”

पंच एकमेकांकडे बघू लागले. तारण खोटं म्हणजे तह खोटा. जरकच्या तोंडचं पाणी पळालं.

पंचांतले म्हातारे मलिक स्पिन गुल गालातली तंबाखू थुंकून म्हणाले, “नळी याची, बाकी त्याची. उस्ताद, काढ रे नळी. ती घेऊन जाईल हा. नळीवाचून तुझी बंदूक मुकी, आणि बंदुकीवाचून याची नळी म्हणजे चुलीची फुंकणी. बसा दोघं शांत.”

उस्तादानं पाना लावला. नळी सुटली तेव्हा त्याला रडू आलं, आणि ते त्यानं लपवलंही नाही.

पुढच्या वसंतात खाइस्ता गुल एकटाच, बिनहत्यारी, उस्तादाच्या अंगणात आला. शालीत नळी होती.

“पोरगा झालाय. जन्माचा बार आजोबांच्या नळीतूनच व्हायला हवा.”

दर्ऱ्यात नान भाजणाऱ्याकडेही दोन बंदुका असतात; नळी कुठंही बसवून घेता आली असती. पण उस्तादानं चहा मागवला, नळी बसवली, काडतूस भरलं आणि बंदूक पुढं केली.

“मला नको, जरकला दे,” खाइस्ता गुल म्हणाला. “भावाचा निरोप आहे. म्हणाला, नेम सुधारलाय का बघून ये.”

जरकनं बंदूक घेतली. पोराचं बोट जरा चुकलं, तर तहही गेला आणि पोरही. खाइस्ता गुल समोरच मांडी घालून चहा फुंकत होता.

जरकनं नळी आभाळाकडे केली. बार झाला. कावळे उडाले.

उस्तादानं घाम पुसला आणि नळी काढायला पाना उचलला.

“थांब की,” खाइस्ता गुल म्हणाला. “जुळे आहेत.”